तिसरं तोंड

खांबावरून घरात येणारी वायर एक,
आणि संच तीन.
महाराणी रोडवर पासष्ट रुपयांत स्प्लिटर मिळाला:
काडेपेटीएवढी पत्र्याची डबी,
एका अंगाला एक तोंड, दुसऱ्या अंगाला तीन.
दुकानदार हळूच म्हणाला, केबलवाल्याला कळू देऊ नका, भिया.

रविवारी वायर सोलली.
वर काळं साल, सालीखाली जाळी,
जाळीच्या आत पांढरा गर,
गराच्या मधोमध तांब्याचा एक केस.
जाळीचा एक तंतू जरी त्याला टेकला
तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या.
हे मला कुमुदआत्यानं शिकवलं,
एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये
कानाला वायर लावून बसलेल्या बाईनं.

एक फाटा पुढच्या खोलीत, अण्णांच्या बातम्यांना.
दुसरा फळीमागून आमच्याकडे,
हेमाच्या मालिका, पोरांचं क्रिकेट, रोजची झोंबाझोंबी.
तिसरा मागच्या खोलीत,
आत्याच्या चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइटला.
ती आवाज बंद करून बघायची.
आयुष्यभर ऐकलंच ऐकलं, म्हणायची,
आता लोकांची नुसती तोंडं हलू देत.

चित्र सगळ्यांचंच जरा फिकटलं.
पूर्वी असं नव्हतं, अण्णा म्हणाले.
पूर्वी तुम्ही एकटेच बघत होता,
हे मी मनातल्या मनात.

फेब्रुवारीत, एकसष्टाव्या वर्षी,
आत्यानं लग्न केलं.
देवासचे गृहस्थ, विधुर, बागकामाचा नाद.
कोर्टात सह्या, छप्पन दुकानवर कॉफी.
ओळख म्हणे सत्त्याऐंशीची,
एका न लागणाऱ्या ट्रंक कॉलवरची.
अण्णा पेपर उघडून बसले.
दुपारपर्यंत पान उलटलं नाही.

टेम्पोत शिलाई मशीन, एक पेटी,
गोधडीत गुंडाळलेला तो चौदा इंची.
वायर तिनंच काढली.
पिन पदरानं पुसली,
आणि वेटोळं करून खिळ्याला अडकवली,
जशी रोज ड्यूटी संपल्यावर अडकवत असेल.

त्या रात्रीपासून सावल्या.
बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं.
बॉलरच्या मागून आणखी एक पुसट बॉलर
बोटभर अंतर ठेवून धावतोय.
मालिकेतली सासू एकदा रागावते
आणि तिच्या उजवीकडे पुन्हा रागावते.
मी पिना आवळल्या, वायर बदलली,
वेटोळं काढून फेकलं, डबीला दोन चापट्या दिल्या.
शेवटी चौकसेलाच बोलावलं,
चोरी कबूल करून.

तो रागावला नाही.
डबी तळहातावर फिरवली, हसला.
"तीसरा मुँह खुल्ला छोड़ रक्खा है, भिया.
सिग्नल तो उधर भी जा रिया है.
कोई मिलता नहीं, तो लौट के आता है."
दहा रुपयांची टोपी मिळते म्हणाला,
आत बारीकसा रेझिस्टन्स.
संच नसतो,
पण लाइनला वाटतं, आहे.
जाताना चहा प्यायला,
आणि दुसऱ्या-तिसऱ्या संचाचे पैसे पुढच्या महिन्यापासून लावले.

टोपी आणली.
आठ दिवस शर्टाच्या खिशात,
एकदा धुण्यातही गेली.
हेमा म्हणाली, एवढ्याशा कामाला मुहूर्त बघताय का?

रविवारी स्टुलावर चढलो.
टोपी चिमटीत, अजून आटे बसायचे होते,
तोच खालून अण्णा,
दोन नाकांच्या बाईवरची नजर न काढता:
तिकडे देवासला चित्र कसं येतं रे?

विचारलं नाही, मी म्हणालो.

मग विचार. आधी फोन लाव.
ते काय, नंतर आवळता येईल.

मी उतरलो, डायरी शोधायला लागलो.
फडताळात नव्हती, फ्रिजवर नव्हती.
अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला
आणि एसटीडी कोडापासून सुरुवात करून
एकेक आकडा सांगत गेले,
कुठेही न अडखळता.